रूळ गेले तरी वाट राहो

महू ते ओंकारेश्वर रोड ही छोटी लाईन २०२३ मध्ये बंद झाली. ब्रॉडगेजसाठी घाटात नवा मार्ग आखला गेला. जुनी वाट धावणाऱ्यांसाठी राखा, असे म्हटले की 'हे शहरी खूळ' असे उत्तर मिळते. आम्हांस ते मान्य नाही. आमचे मनावर तेथून दूर; पण आमचीही मुले कार्तिकातल्या गार पहाटे हमरस्त्याच्या कडेने, ट्रकांच्या धुरात धावतात. पातालपाणी-काळाकुंड हा ४० फुटांस १ फूट चढाचा घाट २०१८ पासूनच्या हेरिटेज गाडीस लखलाभ! त्याखालची, चोरल नदीकाठच्या रानातली वाट मात्र सौम्य आहे. इंजिनास चढ झेपत नाही, म्हणून अभियंत्यांनीच ती सपाट केली. तेथे फेऱ्या घालून मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर सुखाने भरतील.

याच लोहमार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारास १ कोटी रुपये कर्ज दिले होते. मराठी दौलतीच्या पैशाने झालेली वाट अतिक्रमणाच्या घशात जावी काय? मोकळी जमीन फार दिवस मोकळी राहत नाही, हे शासकीय सेवेत जन्म घालविलेले आम्ही पुरते जाणतो. रूळ खुशाल न्यावेत, वाट राखावी.