खरी कमाई कोणाची?

स्काऊट-गाईडच्या ‘खरी कमाई’च्या दिवशी शाळेच्या पटांगणात टेबलं मांडली जातात. भेळ, इडली, ढोकळा, कोकम सरबत. गळ्यात स्कार्फ बांधलेला मुलगा पैसे घेतो, सुटे परत करतो. भेळेचा कांदा मात्र आईने पहाटे चिरलेला असतो. पदार्थ घरूनच करून पाठवा, असा निरोप पालकांच्या ग्रुपवर आधीच येऊन गेलेला. गिऱ्हाईक म्हणावं तर तेही पालकच. संध्याकाळी गल्ला मोजतात आणि आकडा फलकावर लागतो. त्यातून चुरमुरे, शेव, गॅस यांचे पैसे सहसा कोणी वजा करत नाही. आईच्या पहाटेचा तर प्रश्नच येत नाही.

हीच मुलं दीक्षाविधीला तीन बोटं उभारून वचन देतात. ईश्वर आणि देश यांच्याविषयीचं कर्तव्य, इतरांना मदत आणि स्काऊट नियमांचं पालन, असे त्या वचनाचे तीन भाग. नियम नऊ. पहिलाच विश्वासूपणाचा, आठवा काटकसरीचा. तपासणीला साहेब आले की मुलं ते घडाघडा म्हणून दाखवतात. पण स्काऊट चळवळ पाठांतरासाठी निघालेलीच नव्हती. तिचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर मुलं नेली ती तंबूत राहायला, चूल पेटवायला, माग काढायला. खरी कमाईही मुळात त्याच वळणाची. शेजाऱ्यांची सायकल पुसायची, बूट पॉलिश करायचे, अंगणातलं गवत उपटायचं आणि देतील ते नाणं घ्यायचं. एखादे खडूस काका चाकाच्या तारा पुन्हा पुसायला लावत. शिकवणी होती ती तिथे.

आज परक्या दारी मुलांना पाठवायला पालक धजत नाहीत. ते रास्तच आहे. पण शिक्षकांच्या दुचाकी शाळेतच उभ्या असतात. वाचनालयात कव्हर सुटलेली पुस्तकं पडून असतात. कामाला तोटा नाही. त्यात गल्ला कमी जमतो आणि फोटो साधा येतो, एवढंच.

विश्वासूपणाचा नियम पाठ करून घ्यायचा आणि आईची मेहनत मुलाच्या नावावर मांडायची, हे मुलांना कळत नाही असं कोणी समजू नये.

यंदा स्टॉलसमोर पाकीट उघडण्याआधी पालकांनी मुलाला एवढंच विचारावं : यातलं तू काय केलंस? उत्तर आलं नाही, तर पाकीट मिटावं.