पायातली चिठ्ठी

चोर सुटकेस घेऊन आला होता, तीही चाकांची. जून २००९ मधली रात्र. लंडनजवळच्या ट्रिंग या छोट्या गावात नॅचरल हिस्टरी म्युझियमचा पक्षीसंग्रह आहे. एडविन रिस्ट नावाचा विशीतला अमेरिकन पोरगा तिथली भिंत चढला, खिडकी फोडून आत शिरला आणि कपाटांचे खण उघडून मेलेले पक्षी सुटकेसमध्ये भरत सुटला. एकूण २९९. मग पहाटेच्या गाडीनं लंडनला परत. एरवी हा गडी रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये बासरी शिकायचा. महिनाभर म्युझियमला चोरीचा पत्ताच नव्हता.

किर्क वॉलेस जॉन्सन यांचं ‘द फेदर थीफ’ (२०१८) मी गेल्या आठवड्यात दोन बैठकींत संपवलं. दुसऱ्या बैठकीत कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीचा लगदा झाला, पण ते असो.

मेलेले पक्षी चोरून करायचं काय? तर मासे पकडायच्या खोट्या माश्या. राणी व्हिक्टोरियाच्या काळात साहेब लोक सॅमनच्या गळाला जगभरच्या पिसांनी सजवलेली माशी लावायचे. कुठलं पीस कुठे बांधायचं याच्या कृती तेव्हाच छापून आल्या, अगदी पाककृतींच्या पुस्तकांसारख्या. त्या बरहुकूम माश्या बांधणारे शौकीन आजही आहेत. त्यांतले कित्येक जण कधी पाण्यात गळ टाकत नाहीत, आणि सॅमनला तर त्यातलं काहीच कळत नाही. त्यांच्या यादीतला ‘इंडियन क्रो’ ना इंडियन ना क्रो, तो दक्षिण अमेरिकेतला. ‘जंगल कॉक’ मात्र आपलाच निघाला. हिवाळ्यात आंबोलीला पहाटे झाडीतून आरवतो तो राखी रानकोंबडा! त्याच्या मानेवरच्या पिसांवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे पिवळे ठिपके असतात, त्यांसाठी हे शौकीन जीव टाकतात.

संग्रहातला पक्षी कसा असतो? पाठीवर उताणा, डोळ्यांच्या जागी कापूस, पाय दोऱ्यानं बांधलेले. आणि त्या दोऱ्याला एक कागदाची चिठ्ठी: कुठे मिळाला, कधी, कोणाला. रिस्टनं नेलेल्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५० च्या दशकात गोळा केलेले बर्ड ऑफ पॅराडाइजही होते. नोव्हेंबर २०१० मध्ये पोलिसांनी त्याला पकडलं तेव्हा १७४ पक्षी अख्खे सापडले, पण चिठ्ठ्या फक्त १०२ जणांच्या पायात उरल्या होत्या. बाकीचे नुसतेच सुंदर. पुढे कोर्टानं बारा महिन्यांची शिक्षा दिली, तीही स्थगित. माझा संताप त्या शिक्षेपेक्षा चिठ्ठ्यांवरून जास्त झाला. डीडीटीमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली, हे जुन्या संग्रहांतली अंडी ताडून पाहिल्यावरच कळलं. त्या अंड्यांवर तारीख नसती तर ताडायचं कशाशी?

आता खानदेशात या.

रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड. १८७३ मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं ॲलन ह्यूम यांनी. हो, काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम तेच. काँग्रेस भरली १८८५ मध्ये, आणि त्याच वर्षी त्यांचा पक्ष्यांचा आणि अंड्यांचा अवाढव्य संग्रह शिमल्याहून ब्रिटिश म्युझियमला गेला. रानपिंगळ्याचे जगात जेमतेम सात नमुने. त्यांतले काही १८८० च्या दशकात खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या गोऱ्या अधिकाऱ्यानं मिळवलेले. मग कित्येक वर्षं काही नाही, आणि एकाएकी एक नमुना: तापीकाठचं मांडवी, १९१४, मिळवणारे कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन.

हे कर्नल म्हणजे नामांकित पक्षीतज्ज्ञ, पण ब्रिटिश म्युझियमनं त्यांना एकदा पक्ष्यांच्या दालनात यायची बंदी केली होती. कारण, नमुने न विचारता उचलणं. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेनं तो मांडवीचा पिंगळा एक्स-रेखाली धरला. शिवणीच्या आत जुनी शिवण, आणि भरण्याची पद्धत डेव्हिडसनची! साहेबांनी म्युझियममधलाच पक्षी उचलला होता, उसवून पुन्हा भरला होता, आणि पायात स्वतःच्या हातानं नवी चिठ्ठी बांधली होती. गोळी डेव्हिडसननंही घातलीच होती, पण त्यानं खरं लिहिलं होतं.

मांडवी खोटं ठरल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं उरली. रासमुसेन आणि त्यांचे दोन साथीदार त्या गावांच्या मागावर निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, भर सकाळी, उघड्या झाडावर रानपिंगळा बसलेला! डेव्हिडसनच्या शेवटच्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी. हे घुबड दिवसाउजेडी हिंडणारं, लपण्याची त्याला फारशी हौस नाही. पुढे ते मेळघाटातही सापडलं, आणखीही काही ठिकाणी.

पुस्तक मिटलं आणि माळ्यावरची ट्रंक काढली. चौथीतल्या चित्रकलेच्या वहीत मोरपीस होतं. तेव्हा त्याला पिल्लं व्हावीत म्हणून मी खडूची भुकटी घालायचे. झालं एकही नाही. आपसूक गळलेलं मोरपीस बाळगायला कायद्याची ना नाही, तेव्हा माझ्यावर गुन्हा दाखल व्हायचा नाही. डोळ्याचा निळा अजून तसाच आहे, पण वहीत एक अक्षर नाही. ताईला फोन केला. ती ठामपणे म्हणाली, “अगं, ते मोराच्या चिंचोलीचं. सहलीला गेलो होतो ना!” मला मात्र मामाच्या जीपमधून गाठलेलं बीडकडचं नायगाव आठवतं, आणि त्या दिवशीचं ऊन.

कागदाची पट्टी कापली, दोरा ओवला, पेन्सिलीला टोक केलं. ‘ठिकाण’ एवढं लिहिलं, आणि तिथंच थांबले.