गेट उघडं, खातं बंद

कंपन्यांना आता आपली आठवण झालीय. काचेच्या इमारतीत, लिफ्टच्या शेजारी, रंगीत पोस्टर लागलंय : 'आमच्याकडे सर्वांना स्थान.' डायव्हर्सिटी. इन्क्लुजन. वर्षातून एक दिवस त्यावर भाषण, मग केक. भाषण देणारा कोण आणि नंतर ताटल्या उचलणारा कोण? दोघांची आडनावं विचारा. विविधता कुठं संपते ते लगेच कळेल.

दोस्तांनो, मी या शब्दांची टिंगल करून मोकळा होणार नाही. शब्द चांगले आहेत. पण प्रस्थापितांच्या हातात गेलेला चांगला शब्द पडद्यासारखा वापरला जातो. म्हणून पडद्यामागं बघायचं आणि एकच प्रश्न विचारायचा : आमची माणसं किती ते नंतर सांगा, आधी सांगा कुठल्या खात्यात?

हा प्रश्न मला गिरणीनं शिकवला. मी नांदगावचा, कणकवलीच्या अलीकडच्या, हायवेवरच्या नांदगावचा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. त्याआधी आम्ही रत्नागिरीवाले. मुंबईच्या गिरण्यांना सगळ्यात जास्त माणूस पुरवला तो या रत्नागिरीनं. खोताच्या जमिनीत राबून पोट भरत नव्हतं, म्हणून माणसं बोटीत बसली. त्यात आमच्या वाडीतलेही होते. माझा पणजाही होता. गिरणीचं गेट त्यांना बंद नव्हतं. भोंगा सगळ्यांसाठी वाजायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर गिरणी चांगली 'डायव्हर्स' होती : मराठे, भंडारी, मुसलमान, उत्तरेतले भय्ये, महार, सगळे एका छपराखाली.

पण छप्पर एक असलं तरी खाती वेगळी होती. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त. तिथं महाराला उभं करत नसत. त्याची जागा त्रासनात, कापूस फोडायच्या खात्यात, झाडलोटीत. कारण काय? तर धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. आमच्या घरात पणजाचं वाक्य अजून सांगतात : "पिंजूक आमचो हात चलता, धाग्याक आमचा तोंड चलना नाय."

आता नीट बघा. यात मालकानं कुठं पाटी लावली होती का, की महारांना बंदी? नाही. नियम कागदावर नव्हता. भरती जॉबरच्या हातात. जॉबर आपल्या गावचा, आपल्या भावकीचा माणूस आणणार. मालक म्हणणार, आम्हाला जात नको, उत्पादन पाहिजे. कामगार म्हणणार, आमचं मालकाशी भांडण आहे, जातीचं इथं काय काम? सगळेच निर्दोष. आणि आपला माणूस पिढ्यान् पिढ्या त्रासनात.

दोष तर धोट्यात होता! तोंडानं धागा ओढल्यानं रोग पसरतो म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ साली कायदा करून असा धोटा बंद केला. हातानं ओवता येणारे धोटे जगात होते. म्हणजे यंत्र बदलता येत होतं. इथल्या व्यवस्थेला मात्र धोटा बदलण्यापेक्षा माणसाला बाहेर ठेवणं स्वस्त पडलं. आजच्या ऑफिसातही हेच चालतं. जिथं जिथं म्हणतात की 'तुमची माणसं आमच्या वातावरणात बसत नाहीत', तिथं वातावरण तपासा. तिथंही एखादा धोटा असणार.

१९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. सहा महिने चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार रस्त्यावर. संपाच्या मागण्यांत साचेखात्याच्या बंदीचा शब्द नव्हता. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना सुनावलं : सगळ्या खात्यांत आमच्या माणसाला मज्जाव नको ही मागणी घाला, नाहीतर आमचे कामगार संपात राहणार नाहीत. पुढाऱ्यांनी मागणी घातली, पण नाखुशीनं. लाल बावटा खांद्यावर आणि विटाळ ओठावर! दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांपुढं बाबासाहेब बोलले, की कामगाराचे शत्रू दोन : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. रेल्वेतला आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो, हेही त्यांनी तिथंच मांडलं. म्हणून ते कामगारांच्या एकजुटीच्या विरोधात होते असं कुणी समजू नये. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात ते कम्युनिस्टांच्या बरोबरीनं उतरले. त्यांची अट एवढीच होती, की एकजूट करायची तर धोट्यासकट करा.

कुणी म्हणेल, शिका, मेरिट दाखवा, कोण अडवतंय? बाबासाहेब १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर म्हणून लागले. कोलंबियातून शिकून आलेला माणूस. तर काही प्राध्यापकांनी हरकत घेतली, की यांनी आमच्या माठातलं पाणी प्यायचं नाही. आता सांगा, यापेक्षा मोठं मेरिट कुठल्या दुकानात मिळतं?

'जुन्या गोष्टी उकरू नका' असं तिसरा म्हणेल. ठीक आहे, नव्या घेऊ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फक्त नावं वेगळी. त्यांचा अभ्यास २००७ साली छापून आला. सवर्ण आडनावाच्या अर्जाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता एक तृतीयांशानं कमी निघाली. मुसलमान नावाची तर दोन तृतीयांशानं कमी. म्हणजे मुलाखत दूरच राहिली, पाकिटावरचं आडनावच परत पाठवलं जातं. २०१२ साली दुसरा अभ्यास आला, देशातल्या एक हजार बड्या कंपन्यांच्या संचालकांचा. शंभरातले जवळजवळ ९३ सवर्ण. अनुसूचित जाती आणि जमाती दोन्ही मिळून साडेतीन. हे आजचं साचेखातं!

आणि जॉबर? तो रिटायर झालेला नाही. त्याचं नाव आता 'रेफरल' आहे. कंपनी आपल्या नोकराला सांगते, तुझ्या ओळखीचा माणूस आण, बक्षीस देतो. ओळख कुणाची कुणाशी असते? एका सोसायटीत राहणाऱ्यांची, एका लग्नात जेवणाऱ्यांची. नांदगावच्या बौद्धवाडीतल्या पोराची ओळख नांदगाव तिठ्यापर्यंत. त्यानं कुणाचं नाव सांगायचं?

एका जागी मात्र आमचं इन्क्लुजन भरपूर आहे. झाडू, गटार, कचऱ्याची गाडी. तिथं ना रेफरल लागतं, ना इंग्रजी. हातानं मैला काढायला बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली पुन्हा झाला, आणि माणसं अजून गटारात गुदमरून मरतायत. मुंबई महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी २०१७ पर्यंत, थेट सुप्रीम कोर्टापर्यंत भांडावं लागलं. आणि तेवढंच नाही. सरकारी जागा कंत्राटदाराकडं गेली की बहुतेक ठिकाणी राखीव जागाही तिच्याबरोबर जाते. काम तेच, माणूस तोच, हक्क गायब.

मग पाहिजे काय? सद्भावना नको. सद्भावना केकबरोबर संपते. लेखी पाहिजे.

एक : प्रत्येक कंपनीनं खात्यावार आणि हुद्द्यावार मोजणी करून जाहीर करावी. शिपाई आणि मॅनेजर एका बेरजेत घालून आकडा फुगवायचा नाही.

दोन : जागा उघडपणे जाहीर व्हाव्यात, आणि पहिल्या चाळणीत अर्जावरचं नाव-आडनाव झाकलेलं असावं.

तीन : जातीच्या छळाच्या तक्रारीसाठी समिती. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्ध समिती बसवायला लावली. ती बायकांनी लढून मिळवली. मग जातीच्या टोमण्यासाठी, वेगळ्या डब्यासाठी, दाबून ठेवलेल्या बढतीसाठी खाजगी ऑफिसात अशी समिती का नाही? आणि दलित बाईनं तर दोन्हीकडं अर्ज करायचा, की कुठंच नाही?

चार : खाजगी क्षेत्रात आरक्षण. सरकारची जमीन, सरकारची वीज, बँकांचं कर्ज घेताना तुम्ही खाजगी नसता, मग भरती करतानाच कसे होता?

आता थोडं आपल्यातल्यांनाही. ऑफिसात लागलेल्या आपल्या कित्येकांनी आडनाव बदललंय, जयंतीला रजा टाकताना कारण 'पर्सनल' लिहितात. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. साठ वर्षं उलटली, चोरी चालूच आहे. मी त्यांना शिव्या घालणार नाही. जात लपवावी लागते हा गुन्हा लपवणाऱ्याचा नाही. पण वर पोचलेल्यानं एवढं तरी करावं, की मेहतर, मांग, भटक्या जमातीतलं पोर मुलाखतीला आलं, तर समोर बसून आपणच जॉबर होऊ नये.

दोस्तांनो, पुढच्या वेळी साहेबानं पोस्टरखाली फोटोला बोलावलं तर खुशाल जा, उभे राहा. फोटो झाला की चारचौघांत मोठ्यानं विचारा : साहेब, साचेखात्यात आमचे किती?