ही मुलगी विश्रांती घेते आहे?



गेल्या महिन्यातल्या शिबिरात जाहिरातींतल्या स्त्रीचित्रणावर बोलायचे होते. कात्रणांबरोबर मी एक जुने चित्रही भिंतीवर लावले. फ्रांस्वा बूशे या फ्रेंच चित्रकाराचे, १७५२ सालचे. मूळ चित्र जर्मनीत, म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक संग्रहालयात आहे. एक विवस्त्र मुलगी कोचावर पालथी पडली आहे. कोपरांवर भार, पाय फाकलेले, केसांत निळी फीत, नजर चित्राबाहेर कुठेतरी. चित्राचे नाव ‘विश्रांती घेणारी मुलगी’.

दोघी-तिघींनी मान वळवली. ‘हे इथे कशाला?’ असे एकीने विचारलेही. मग बांधकामावर जाणारी एक ताई उठून चित्राजवळ गेली. नीट पाहून म्हणाली, “ही कुठं इसावा घेतीय? असं कोपरांवर घटकाभर पडून बघा बरं, मान भरून येती.”

रोकोको शैलीविषयी मी बरेच वाचले होते. गुलाबी-निळे नाजूक रंग, रेशमाच्या चुण्या, पंधराव्या लुईच्या दरबाराची विलासी अभिरुची. पण असे पडून राहणे हे त्या मुलीचे काम होते, हे मला सुचले नव्हते. नाव देताना कामाची विश्रांती झाली. घरात राबणारी बाई ‘काही करत नाही’ ठरते, तसेच हे.

चित्र जेमतेम दोन फूट उंच आणि अडीच फूट रुंद आहे. चर्चमध्ये किंवा दरबारात टांगण्याचे हे माप नाही. खासगी दालनात एखाद्या धनिकाने जवळ जाऊन पाहावे, असे ते आहे.

मुलगी कोण? परंपरेने नाव सांगतात मारी-लुईझ ओ’मर्फी. जन्म १७३७, रूआँ शहरात, आयरिश वंशाच्या गरीब घरात. ती राजाकडे पोचवली गेली, १७५४ मध्ये तिला मुलगी झाली आणि १७५५ मध्ये राजाचे मन उडाल्यावर हुंडा देऊन एका लष्करी अधिकाऱ्याशी तिचे लग्न लावून दिले. चित्रातली मुलगी तीच, याला पक्का पुरावा नाही. अभ्यासकांत वाद आहे, पण तो नावाचा आहे. ती तीच असेल तर चित्राच्या वेळी चौदा-पंधरा वर्षांची होती, आणि पुस्तके तिला ‘राजाची प्रेयसी’ म्हणून मोकळी होतात. २०१२ च्या पोक्सो कायद्याने आपल्याकडे अठराच्या आतल्या मुलीची संमती धरली जात नाही. तरी पोलीस ठाण्यात ‘ती राजीखुशीने गेली होती’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो!

चित्र फाडून टाका, असे मी म्हणणार नाही. बूशेचा हात सराईत आहे, त्वचेवरचा उजेड पाहत राहावा असा आहे. शिबिरातही आम्ही ते तासभर भिंतीवर ठेवले. ज्यांनी मान वळवली होती, त्याही नंतर जवळ येऊन बोलल्या.

शेवटी ताईने विचारले, “मग पुढं काय झालं तिचं?” मी सांगितले : पहिला नवरा १७५७ मध्ये रॉसबाखच्या लढाईत मारला गेला. एकूण तीन लग्ने झाली. तिसऱ्या नवऱ्यापासून घटस्फोट झाला, फ्रेंच राज्यक्रांतीने १७९२ मध्ये तसा कायदा आणला होता म्हणून. १८१४ मध्ये ती वारली, सत्त्याहत्तर वर्षांची होऊन.

“म्हंजे चांगली म्हातारी झाली की,” ताई म्हणाली. “मग तवाचं चित्र काढलं का कुणी?”