वीस पाने आणि एकच ओव्हन

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेत राहणाऱ्या लेकी-सुनांच्या फोनवरच्या बोलण्यात एक नवी काळजी डोकावू लागते. "आई, यंदा थँक्सगिव्हिंग आमच्याकडे आहे. वीस माणसं होतील." इकडून आई सहज म्हणते, "त्यात काय एवढं? आपल्याकडे गौरीजेवणाला तीस पानं होतात!" आईचे म्हणणे खरे असले, तरी तिकडची अडचण निराळी असते. हाताखाली कोणी नसते. पाहुण्यांत निम्मे मराठी, काही अमेरिकन, काही शुद्ध शाकाहारी. घरात ओव्हन एकच, आणि त्यात सात किलोचा एक अख्खा पक्षी चार तास ठाण मांडून बसणार! आपल्यापैकी अनेक भगिनी या दिवसांत मुलांकडे गेलेल्या असतात आणि हे ओझे त्यांच्याही खांद्यावर येते. म्हणून या वेळच्या सदरात हा बेत आपण नीट आखू या.

हा सण कोणता?

थँक्सगिव्हिंग म्हणजे कृतज्ञतेचा दिवस. १६२१ च्या शरद ऋतूत मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथे इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांनी पीक हाती आल्यावर मेजवानी केली. तिथले मूळ रहिवासी वांपानोआग यांचे सुमारे नव्वद पुरुष तीन दिवस त्यांच्याबरोबर जेवले आणि त्यांनी पाच हरणे मारून आणली, असे त्या वेळच्या एका पत्रात लिहिले आहे. पुढे याच मूळ रहिवाशांच्या जमिनी गेल्या. म्हणून १९७० पासून त्यांच्यातील काही जण हाच दिवस प्लिमथ येथे शोकदिन म्हणून पाळतात, हेही ठाऊक असावे.

देशभर एकाच दिवशी हा सण व्हावा म्हणून सारा जोसेफा हेल या बाईंनी अनेक वर्षे चिकाटीने लिखाण केले, राष्ट्राध्यक्षांना पत्रे पाठवली. त्या महिलांच्या एका मासिकाच्या संपादक होत्या! अखेर १८६३ मध्ये अब्राहम लिंकन यांनी तसे जाहीर केले. १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायम झाला.

तिथल्या मराठी कुटुंबांनी हा सण मनापासून आपलासा केला आहे. दिवाळीला बहुतेक ठिकाणी सुट्टी नसते. थँक्सगिव्हिंगला मात्र गुरुवार ते रविवार सलग चार दिवस मिळतात. वेगवेगळ्या राज्यांत पांगलेली भावंडे, आते-मामे भाऊ-बहिणी एका घरात जमतात ती तेव्हाच.

सगळे एकाच पंगतीत

आपल्याकडच्या मोठ्या जेवणात वाढणारी शेवटी जेवते. गरम पुरी कढईतून थेट पानात पडावी, यात तिला धन्यता वाटते. या सणाची रीत वेगळी आहे. सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडतात, भांडी हातोहात फिरतात आणि स्वयंपाक करणारीही सर्वांबरोबर बसते. कित्येक घरांत जेवण्यापूर्वी प्रत्येक जण वर्षभरात कोणत्या गोष्टीसाठी कृतज्ञ आहे ते सांगतो.

न्यू जर्सीतील माझ्या भाचीने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी टर्कीबरोबर पुऱ्या आणि बटाटेवडेही ठेवले होते. पाहुणे टेबलावर, ही कढईपाशी. तिच्या अमेरिकन सासूबाईंनी आपले ताट तसेच बाजूला ठेवले. त्यांचे म्हणणे एवढेच, की आज सगळ्यांनी मिळून बसायचे असते, सूनच नाही तर मी जेवायला कशी सुरुवात करू? बिचारीला वाटत होते की आपण पाहुणचार करतो आहोत, आणि सासूबाईंना वाटत होते की सून आपल्यात बसायला तयार नाही. दुसऱ्या वर्षी भाचीने तळणाला रजा दिली. मसालेभात कुकरमध्ये केला, पाव विकत आणले आणि चार वाजता गॅस बंद म्हणजे बंद, असा नियमच केला.

हा नियम आपणही धरू या. जेवण चारला, असे ठरवून उलटे मोजत मागे यायचे.

आधी मोजणी

समजा माणसे वीस. त्यांतील सहा शाकाहारी, चार लहान मुले. मांसाहारी चौदा जणांसाठी सोळा पौंडांची, म्हणजे सव्वासात किलोची टर्की पुरते. हाडांसह माणशी एक ते दीड पौंड हा हिशेब असतो. कुस्करलेल्या बटाट्यांसाठी माणशी अर्धा पौंड धरून साडेचार किलो बटाटे. पायच्या नऊ इंची थाळीचे आठ तुकडे होतात, म्हणून तीन पाय.

पाहुणे "काय आणू?" असे विचारतात. "काही नको" म्हणू नका. एकीला सॅलड, दुसरीला पाय, तिसऱ्याला पेये, असे नाव घेऊन सांगा. पण ज्याला ओव्हनमध्ये भाजावे लागेल असे काही सांगू नका. गरम पदार्थ असेल तर तो घरून शिजवून आणावा.

शाकाहारी पाहुण्यांसाठी

वरून शाकाहारी दिसणारे काही पदार्थ तसे नसतात. ग्रेव्ही टर्कीच्या रसाची असते. स्टफिंगमध्ये बहुधा कोंबडीचे पाणी घालतात. रताळ्यांवरच्या मार्शमॅलोमध्ये जिलेटिन असते, आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून बनते. विकतच्या पायच्या पारीत डुकराची चरबी असू शकते. भोपळ्याच्या पायमध्ये अंडे असते. म्हणून डब्यावरचे घटक वाचा, एक पाय सफरचंदाचा ठेवा आणि स्टफिंग सर्वांसाठी शाकाहारीच करा, म्हणजे दोन प्रकारांचा व्याप वाचेल. शाकाहारी पदार्थांचे चमचे वेगळे ठेवा.

आठवड्याचे वेळापत्रक

*शनिवार:* किराणा, बटाटे, रताळी, क्रॅनबेरी आणावी. फ्रीज रिकामा करून खालचा कप्पा टर्कीसाठी मोकळा ठेवावा.

*रविवार सकाळ:* गोठवलेली टर्की वेष्टनासह खोलगट ट्रेमध्ये ठेवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. बर्फ सुटायला दर चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो, म्हणजे सोळा पौंडांना चार दिवस. ओट्यावर ठेवून बर्फ सोडवू नये. आतला भाग गोठलेलाच राहतो आणि बाहेर जंतू वाढू लागतात.

*मंगळवार:* क्रॅनबेरी सॉस करून ठेवावा. पाव कापून वाळत ठेवावा.

*बुधवार:* पाय भाजून गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवावेत. बटाटे सोलून, पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवावेत. रताळी उकडावीत. टेबल मांडून कोणत्या भांड्यात कोणता पदार्थ हे चिठ्ठी लावून ठरवावे.

बुधवारी रात्री टर्की अजून कडक लागली तर घाबरू नये. वेष्टन न फाडता थंड पाण्यात बुडवावी आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. पौंडाला अर्धा तास लागतो. अशा प्रसंगी सल्ला देण्यासाठी बटरबॉल या टर्की विकणाऱ्या कंपनीने १९८१ मध्ये खास फोनसेवाच सुरू केली, यावरून ही अडचण किती घरांत येते ते कळेल!

गुरुवारचे घड्याळ

*१० वाजता:* ओव्हन ३२५ अंश फॅरनहाइटवर (सुमारे १६३ सेल्सिअस) लावावा. टर्कीच्या पोटातली काळीज वगैरेची पिशवी काढावी. टर्की धुऊ नये, उडणाऱ्या थेंबांनी जंतू ओटाभर पसरतात. कागदाने टिपून लोणी, मीठ, मिरपूड चोळावी.

*१०.३० वाजता:* टर्की ओव्हनमध्ये. सारण न भरलेल्या सोळा पौंडांच्या टर्कीला पावणेचार ते सव्वाचार तास लागतात. छाती लवकर लाल झाली तर वर फॉइल झाकावे.

*१.४५ वाजता:* मसालेभाताची तयारी. बटाटे उकडायला ठेवावेत.

*२.१५ वाजता:* थर्मामीटर मांडीच्या आतल्या भागात आणि छातीच्या जाड भागात, हाडाला न लागेल असा खुपसावा. दोन्हीकडे १६५ अंश फॅरनहाइट (७४ सेल्सिअस) आले म्हणजे टर्की झाली. रंगावर विसंबू नये.

*२.४५ वाजता:* टर्की बाहेर काढून अर्धा तास तशीच ठेवावी, रस मांसात मुरतो. आता रिकामा झालेला ओव्हन ३५० अंशांवर करून त्यात स्टफिंग आणि लोणी-गूळ लावलेली रताळी ठेवावीत. या अर्ध्या-पाऊण तासामुळेच एका ओव्हनमध्ये सगळे बसते. ट्रेमधल्या रसाची ग्रेव्ही करावी. एक वाटी रसाला दोन चमचे चरबी आणि दोन चमचे मैदा. शाकाहारी ग्रेव्ही मश्रूम आणि भाज्यांच्या पाण्याची.

*३.२० वाजता:* टर्की कापणे. हे काम घरातल्या पुरुषमंडळींकडे द्यावे. बटाटे दूध-लोणी घालून कुस्करावेत.

*३.४५ वाजता:* सगळे टेबलावर. यजमानीणबाईंनी तोंड धुऊन साडी नीट करावी.

*४ वाजता:* गॅस बंद!

पावाचे शाकाहारी स्टफिंग

*साहित्य (१० जणांसाठी):* ४५० ग्रॅम पाव, २ कांदे, सेलरीच्या ४ दांड्या, १ सफरचंद, ११५ ग्रॅम लोणी, भाज्यांचे पाणी अडीच ते तीन कप, १ चहाचा चमचा सुका सेज, अर्धा चमचा थाइम, मूठभर अक्रोड, मीठ, मिरपूड.

*कृती:* पावाचे चौकोनी तुकडे रात्रभर उघडे ठेवून वाळवावेत. लोण्यावर बारीक चिरलेला कांदा, सेलरी मऊ होईपर्यंत परतावी. सफरचंदाच्या फोडी, सेज, थाइम, मीठ, मिरपूड घालून उतरवावे. पाव आणि अक्रोड मिसळून भाज्यांचे पाणी थोडे थोडे घालावे. पाव ओला व्हावा, लगदा होऊ नये. लोणी लावलेल्या भांड्यात घालून ३५० अंशांवर अर्धा तास झाकून आणि पंधरा मिनिटे उघडे भाजावे. वीस जणांसाठी दुप्पट प्रमाणाने दोन भांडी करावीत.

क्रॅनबेरी, दोन तऱ्हांनी

*साहित्य:* क्रॅनबेरीची ३४० ग्रॅमची पिशवी, १ कप साखर, १ कप पाणी.

*कृती:* पाणी-साखर उकळावी, धुतलेली क्रॅनबेरी घालावी. दहा मिनिटांत फळे तडतडून फुटतात. लगेच उतरवावे, गार झाल्यावर सॉस घट्ट होतो. ही झाली अमेरिकन तऱ्हा. दुसऱ्या पिशवीचा सॉस आपल्या पद्धतीने करावा. दोन चमचे तेलाच्या फोडणीत मोहरी, हिंग, दोन सुक्या मिरच्या, किसलेले आले घालून त्यावर क्रॅनबेरी, साखर, मीठ आणि पाऊण कप पाणी घालून शिजवावे. हा आंबट-गोड-तिखट प्रकार मेथांब्याच्या जवळ जातो. टर्कीला आणि मसालेभातालाही चालतो.

उरलेले अन्न

जेवणे झाल्यावर गप्पांत रमण्याआधी एवढे करा. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नका. टर्कीचे मांस हाडांवरून काढून उथळ डब्यांत भरा. फ्रीजमध्ये ते तीन-चार दिवस टिकते. शुक्रवारी त्याची सँडविचेस होतात, हाडांचे सूप होते. पाहुण्यांना निघताना देण्यासाठी झाकणाचे डबे आधीच आणून ठेवा.

आणि भांडी? ती जेवण करणाऱ्या बाईने घासायची नाहीत. ज्यांनी काही आणले नसेल, त्यांच्या नावावर हे काम यादीत आधीच लिहून ठेवावे!