छताला लावलेलं टॉकीज

बोनस आला की माणसाला भिंत मोकळी दिसायला लागते. मलाही दिसली. हिंजवडीजवळचा वन बीएचके, चौदा बाय दहाचा हॉल आणि समोर एक रिकामी भिंत. टीव्ही काय, सगळेच घेतात. आपण प्रोजेक्टर घेऊ, शंभर इंची पडदा, शुक्रवारी रात्री मित्र, पॉपकॉर्न… डोक्यात सगळं रेडी होतं.

पहिली खरेदी अर्थातच फसली. ऑनलाइन सेल, खोक्यावर ‘9000 ल्युमेन्स’ आणि ‘फोर-के सपोर्टेड’. घरी लावला तर हीरोचा चेहरा पाण्यात पडलेल्या नोटेसारखा. मग दोन रात्री जागून अभ्यास केला, तेव्हा फंडा क्लिअर झाला. ल्युमेन्सच्या आधी ‘एएनएसआय’ हा शब्द नसेल तर तो आकडा वाचायचाच नाही. एएनएसआय मोजणीत पडद्यावरच्या नऊ ठिकाणचा उजेड मोजून सरासरी काढतात. नुसत्या ‘ल्युमेन्स’ला तसा आईबाप नसतो. ‘सपोर्टेड’चंही तेच. आत येणारा सिग्नल फोर-के चालतो, पण बाहेर पडणारं चित्र तेवढं बारीक असेलच असं नाही. विचारायचं ते ‘नेटिव्ह’ रेझोल्यूशन. 1920 बाय 1080 असेल तर घरासाठी भागतं. तो डबा परत केला आणि पाचशे एएनएसआय ल्युमेन्सचा साधा एलईडी प्रोजेक्टर आणला. खोलीत अंधार असेल तर तेवढा पुरतो. दिवा लावून बघायचं असेल तर दोन हजारांच्या पुढेच जावं लागतं, आणि मग खिसा बघावा लागतो.

पडदा मात्र अजून यायचा होता आणि त्याआधी गावाकडून फोन आला. अण्णा अंगणात घसरले. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, पण अंथरुणातून उठायला वेळ लागेल म्हणाले.

आमचं गाव राणीसावरगाव, तालुका गंगाखेड, जिल्हा परभणी. अण्णा तिथंच मास्तर होते. आयुष्यभर उभं राहून बोललेला माणूस आता उताणा पडून पंख्याची पाती मोजत होता. बोलणं कमी झालं होतं. जेवायलाही नको म्हणत. आईनं टीव्ही पलंगाशी सरकवून पाहिला, पण मान वळवून बघायचं म्हणजे त्रास. “बंद कर ते,” एवढंच.

प्रोजेक्टर माझ्या सॅकमध्ये होता. खरं सांगायचं तर शो-ऑफसाठी नेला होता, चुलतभावांना दाखवायला. रात्री अण्णांच्या शेजारी सतरंजीवर पडलो, वर बघितलं आणि ट्यूब पेटली. ते दिवसभर बघतात काय? छत. मग पडदा तिथंच!

आता गणित. प्रत्येक प्रोजेक्टरचा एक ‘थ्रो रेशो’ असतो: पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी. माझ्याचा 1.2. छत दहा फुटांवर, स्टूल दोन फुटांचं, म्हणजे उरले आठ. आठ भागिले 1.2, चित्र रुंदीला पावणेसात फुटांच्या आसपास. तिरकं मोजलं तर बाणव्वद इंच! पुण्यात ज्यासाठी भिंत शोधत होतो ते इथं फुकट पडलं होतं. वर पांढरा डिस्टेंपर, बिनचमकीचा, म्हणजे पडद्यासाठी उत्तम. ऑइल पेंट असता तर मधोमध उजेडाचा डाग पडला असता.

प्रोजेक्टर पाठीवर उभा करायचा म्हणजे दोन भानगडी. एक, जुन्या दिव्याच्या प्रोजेक्टरना असं तिरपं-उभं ठेवणं बऱ्याचदा चालत नाही; एलईडीवाले जास्त सोसतात, तरी माहितीपुस्तिका वाचूनच करावं. दोन, हवा आत-बाहेर जायची जाळी दबता कामा नये. मी खाली दोन विटा ठेवून मध्ये फट ठेवली आणि डबा स्टुलाला सुतळीनं पक्का बांधला. छताला टांगायची आयडिया चुलतभावाची होती. पडलेल्या माणसाच्या डोक्यावर दोन किलोचं काहीही टांगायचं नसतं, विषय संपला.

पहिल्यांदा लावलं तर अक्षरं उलटी. डब्याची वरची बाजू अण्णांच्या उशाकडे यायला हवी होती, मी पायांकडे केली होती. स्टूल फिरवलं. मग बरोबर मधोमध पंखा! प्रत्येक चेहऱ्यावर तीन पाती. शेवटी पलंग खोलीच्या दुसऱ्या अंगाला ओढला, पंख्याऐवजी टेबल फॅन. पलंग ओढताना अण्णा कण्हले, तेव्हा वाटलं, कशाला हा उद्योग? थांबवणार होतो. तेच म्हणाले, “आता एवढं केलास तर दाव.”

खिडकीला आईची जुनी घोंगडी. आवाजाला साधी वायर, कारण ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

काय लावू विचारलं. म्हणाले, ‘श्यामची आई’. आचार्य अत्र्यांचा, 1953 चा. त्या काळचं चित्र चौकोनी, त्यामुळे आजच्या लांबट चौकटीत दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ‘झूम’ करून ते भरायचा मोह होतो, पण करू नका, माणसांची डोकी कापली जातात. अण्णांना पट्टे दिसलेच नाहीत. आई दाराशी उभी राहून म्हणाली, “एवढ्याशा डब्यातनं हे निघायलंय होय?”

आपल्याकडे हे कौतुक तसं जुनंच. 1892 मध्ये कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी काचेवर हातानं रंगवलेली चित्रं कंदिलाच्या उजेडात पडद्यावर दाखवायला सुरुवात केली आणि खेळाला नाव दिलं ‘शांबरिक खरोलिका’. मुंबईत ल्युमिएरचा सिनेमा आला तो 1896 मध्ये, म्हणजे नंतर. फक्त छताचा पडदा त्यांनी कधी केला होता का, देव जाणे.

सिनेमा अर्ध्यावर असताना एक पाल आली. श्यामच्या कपाळावरून निघून आईच्या पदरावर जाऊन बसली. अण्णा हसले. पोटातून हसले, मग टाका दुखला म्हणून थांबले, परत हसले. घरात दोन महिन्यांत पहिल्यांदा.

आणि लाइट गेली. एलईडीला त्याचा फारसा त्रास नाही. जुन्या दिव्याचा असता तर गरम दिव्याचा पंखा अचानक बंद पडून दिव्याचं आयुष्य घटलं असतं. इन्व्हर्टर घ्या, नव्वद वॉटचा डबा तो सहज ओढतो. आमच्याकडे तेव्हा नव्हता. अंधारात अण्णांनी पुढची गोष्ट सांगायला सुरुवात केली. वर्गात सांगायचे तशी, मध्येच प्रश्न विचारत. आईनंही उत्तरं दिली, दोन चुकली.

रविवारी निघालो तेव्हा सॅक हलकी होती. आईला तीन बटणं शिकवली आणि काम झालं की भिंगावर झाकण लावायचं बजावलं. तोंड वर करून ठेवलेल्या भिंगात धूळ सरळ पडते, आणि पाल आहेच. गाडीत बसतोय तोवर तिचा फोन. “ते विचारायलेत, उद्याला काय हाय?”

पुण्यात आलो तर दारात कुरिअर. शंभर इंची पडदा. अजून गुंडाळीतच आहे.