तोटा कोणाच्या खात्यावर?

अमेरिकेतील ‘बिग टेन’ आणि ‘पॅक-१२’ या दोन बलाढ्य विद्यापीठसंघांनी ११ ऑगस्ट २०२० रोजी, कोरोनाच्या साथीमुळे, शरद ऋतूतील आपले सर्व सामने पुढे ढकलले. विद्यार्थ्यांच्या आरोग्यासाठी घेतलेल्या या निर्णयानंतर तेथील क्रीडाविभागांच्या हिशेबाच्या वह्या सर्वांसमोर उघडल्या गेल्या. व्यापारी घरांतील वाचकांना त्या वह्या मुळीच परक्या वाटणार नाहीत.

तेथील मोठ्या विद्यापीठाचा क्रीडाविभाग म्हणजे एक पेढीच असते. तिच्या छत्राखाली वीस-पंचवीस खेळ नांदतात. परंतु कमाई करणारे खेळ बहुधा दोनच, अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांचे बास्केटबॉल. तिकिटे, दूरचित्रवाणीचे करार आणि देणगीदार हे त्यांच्या उत्पन्नाचे तीन झरे. पोहणे, जिम्नॅस्टिक्स, टेनिस, कुस्ती हे खेळ त्याच पैशावर जगतात. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. पण घरच्या मैदानावरील सामने वर्षाकाठी जेमतेम सहा-सात. कापडव्यापाऱ्याला दिवाळीचा हंगाम, तसे हे सहा-सात शनिवार! गावातील हॉटेले, खाणावळी आणि मैदानाबाहेरचे विक्रेते यांचीही वर्षाची बेगमी त्यांवरच होते.

पहिला घाव मार्च महिन्यातच बसला होता. विद्यापीठीय खेळांची मध्यवर्ती संस्था ‘एनसीएए’ हिची बास्केटबॉल स्पर्धा १२ मार्च रोजी रद्द झाली. त्या वर्षी सदस्यांना ६० कोटी डॉलर वाटावयाचे ठरले होते, प्रत्यक्षात २२.५ कोटी देण्याचे जाहीर झाले. संस्थेने स्पर्धा रद्द होण्याचा २७ कोटी डॉलरांचा विमा उतरवला होता, म्हणून निभावले तरी. विमा आणि गंगाजळी यांचे मोल अशा वेळी कळते.

पुढचा घाव लहानांवर पडला. मोठी विद्यापीठे हंगामाच्या आरंभी लहान विद्यापीठांना आपल्या मैदानावर खेळावयास बोलावतात आणि त्याबद्दल ठरावीक रक्कम मोजतात. लहानांच्या अंदाजपत्रकाचा तो मोठा आधार असतो. जुलैमध्ये ‘बिग टेन’ने फक्त आपसांतच खेळण्याचे ठरवले आणि हा आधार एका दिवसात तुटला. बड्या व्यापाऱ्याने मागणी थांबवली की गावोगावच्या लहान पुरवठादारांचे जे होते, तेच येथे झाले.

मात्र सर्वांत विचार करण्याजोगे प्रकरण आयोवा विद्यापीठाचे आहे. हंगाम पुढे ढकलला जाताच सुमारे १० कोटी डॉलरांचे उत्पन्न बुडेल आणि ६ ते ७.५ कोटींची तूट येईल, असा अंदाज विद्यापीठाने मांडला. अवघ्या दहा दिवसांत, २१ ऑगस्ट रोजी, चार खेळ कायमचे बंद करण्याची घोषणा झाली: पुरुषांचे जिम्नॅस्टिक्स, पुरुषांचे टेनिस आणि पुरुष व महिला अशा दोन्ही गटांतील पोहणे. ज्या विद्यापीठात १९३०च्या दशकात प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर यांनी ‘बटरफ्लाय’ ही पोहण्याची पद्धत घडवली, तेथेच पोहण्याच्या संघावर गदा आली.

येथे थोडे थांबले पाहिजे. बंद पडले ते फुटबॉलचे मैदान. तोटा लिहिला गेला तो पोहणाऱ्या मुलांच्या खात्यावर. बंद केलेल्या खेळांचा खर्च तुटीच्या मानाने अल्पच होता. तूट एका हंगामाची होती आणि त्यावरचा उपाय मात्र कायमचा! पुढे ‘बिग टेन’ने निर्णय फिरवला, ऑक्टोबरच्या अखेरीस प्रेक्षकांविना फुटबॉल सुरूही झाले, तरी या मुलांचे खेळ परत आले नाहीत. महिलांचा पोहण्याचा संघ तेवढा वाचला, तोही विद्यार्थिनींनी समान संधीच्या १९७२च्या कायद्याखाली न्यायालयात दाद मागितल्यानंतर.

साथीने सर्वच दुखणी निर्माण केली, असेही नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ३६ पैकी ११ खेळ बंद करण्याचे जुलैमध्ये जाहीर केले, तेव्हा वर्षाला १.२ कोटी डॉलरांहून अधिक तूट साथीपूर्वीच दिसत होती, हे त्यानेच सांगितले. चांगल्या वर्षांत आलेला पैसा प्रशिक्षकांचे पगार आणि नव्या इमारती यांवर खर्च होत गेला. बांधील खर्च वाढला, शिल्लक वाढली नाही. माजी विद्यार्थी उभे राहिले, निधी जमला आणि मे २०२१ मध्ये ते अकराही खेळ वाचले. ओहायोतील बोलिंग ग्रीन विद्यापीठाने वर्षाला सुमारे ५ लाख डॉलर वाचवण्यासाठी बेसबॉल बंद केले होते; माजी खेळाडूंनी तीन वर्षांसाठी १५ लाखांची हमी देताच, तीन आठवड्यांच्या आत तेही पुन्हा सुरू झाले. जी गोष्ट काही आठवड्यांत वाचू शकते, ती बंद करण्यापूर्वी तिच्या माणसांना विचारले असते तर?

आपल्या पेढ्यांवरही एखाद्या दुकानाच्या किंवा एखाद्या हंगामाच्या कमाईवर अनेकांचे पोट चालते. म्हणून चालू वर्षाची वही मिटण्यापूर्वी प्रत्येक कर्त्या माणसाने तीन आकडे लिहून काढावेत. विक्री शून्य झाली तरी दरमहा द्यावाच लागणारा खर्च किती? हाताशी असलेल्या शिलकीतून तो किती महिने निघेल? आणि विमा नेमक्या कोणत्या संकटाचा आहे, कोणत्या नाही? यापुढे एक चौथी ओळही लिहावी: कपात करावी लागली, तर ती कोणापासून सुरू होईल? ज्याचा आवाज सर्वांत लहान, त्याच्यापासून, की ज्याचा वाटा सर्वांत मोठा, त्याच्यापासून? या प्रश्नाचे उत्तर संकटाच्या घाईत शोधले, तर ते बहुधा चुकते. घरातील सर्वांनी एकत्र बसून ते आजच ठरवावे, आणि ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार आहे अशा मुनीमजींना व कामगारांनाही त्या बैठकीस बोलवावे.